यांकीज २०२६: ८४९ धावा काढणारी बॅटिंग मोडायची कशाला?

क्रीडाताई (पंचवटी, नाशिक), २०२५ च्या मोसमानंतरचा हिवाळा

२०२५ च्या प्लेऑफमध्ये टोरांटोच्या ब्ल्यू जेजकडून हरल्यापासून इथे जो तो आपल्या न्यूयॉर्क यांकीजची, म्हणजे आपल्या लाडक्या बेसबॉल टीमची, अख्खी लाइनअप (बॅटिंगची फळी) भंगारात काढायला निघालाय. ग्रिशमला २ कोटी २० लाख डॉलर का दिले, बेलिंजर गेला तर जाऊ द्या, वेल्सला बसवा, जझला विका. मला एक सांगा, २०२५ च्या मोसमात सगळ्या मेजर लीगमध्ये सर्वांत जास्त धावा कुणाच्या? आपल्याच, ८४९. सर्वांत जास्त होमरन? तेही आपलेच, २७४. ९४ मॅचेस जिंकलो, टोरांटोच्या बरोबरीने. डिव्हिजनमधलं (आपल्या गटातलं) पहिलं स्थान त्यांच्याकडे गेलं कारण आपापसातल्या १३ मॅचेसपैकी ८ त्यांनी घेतल्या होत्या. आता ही बॅटिंग मोडून नेमकं काय पदरात पडणार आहे?

त्या सिरीजचे स्कोअर परत बघा. पहिली मॅच त्यांची १०-१, दुसरीही त्यांची १३-७, तिसरी आपण ९-६ ने काढली, चौथी परत त्यांची ५-२. चार मॅचेसमध्ये आपण त्यांना ३४ धावा दिल्या. चौथ्या मॅचच्या सातव्या इनिंगला आपल्या जझकडून तो ग्राउंडर (जमिनीवरून आलेला बॉल) सुटला नसता तर डबल प्ले, म्हणजे एका बॉलवर दोन आउट होते. तो सुटला आणि पाठोपाठ त्यांच्या ल्यूकसने दोन धावा आणल्या. २०२४ च्या वर्ल्ड सिरीजची पाचवी मॅच तर कुणी विसरलं नसेलच. ५-० ने पुढे होतो. एकाच इनिंगमध्ये आपल्या ॲरन जजने हातातली सोपी फ्लाय सोडली, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला फिल्डर) वोल्पीचा थर्ड बेसला थ्रो चुकला, आणि पिचर कोल फर्स्ट बेस कव्हर करायला धावलाच नाही. पाच धावा फुकट वाटल्या आणि शेवटी ७-६ ने हरलो. ही टीम बॅटने हरत नाही, ग्लोव्हने हरते. निदान मला तरी तसं दिसतं.

मी शाळेत खेळ शिकवते, मुलींचा सॉफ्टबॉलचा संघ माझ्याकडे आहे. न्यूयॉर्कची संध्याकाळची मॅच आपल्याकडे पहाटे ४:३५ ला लागते. २०२३ पासून पिच क्लॉक, म्हणजे बॉल टाकायला ठरावीक सेकंद, आल्यामुळे मॅच साधारण अडीच-पावणेतीन तासांत उरकते. त्यामुळे पहिल्या चार-पाच इनिंग घरी चहासोबत आणि उरलेल्या मैदानाच्या कट्ट्यावर, मुली फेऱ्या मारत असताना. म्हणून मी हायलाइट्सवाली नाही. होमरनच्या व्हिडिओत शॉर्टस्टॉपचे पाय कुठे होते ते दिसत नाही.

तर माझे प्रश्न दोनच. वोल्पीच्या खांद्याचं ऑपरेशन झालंय, मोसमाच्या सुरुवातीला तो नसेल. तोवर आणि त्यानंतरही शॉर्टस्टॉपला कोण? आणि डावखुऱ्या पिचरसमोर उभा राहील असा उजवा बॅटर कुठून आणायचा? "सगळे विका" हे उत्तर चालणार नाही.

इंदिरानगरचा_अंपायर

मॅडम, धावांचं कौतुक मोसमापुरतं ठीक आहे. पण ग्रिशमची सरासरी बघितलीत का? ०.२३५. म्हणजे चार वेळा बॅटिंगला आला तर एकदाही धड हिट नाही. वेल्स ०.२१९, वोल्पी ०.२१२, मॅकमॅहन तर विचारूच नका. निम्मी टीम अडीचशेच्या, म्हणजे ०.२५० च्या खाली. आमच्या काळात अशा सरासरीवर गल्लीच्या टीममधून पण काढायचे. आणि या ग्रिशमला एका वर्षाचे २ कोटी २० लाख? तो सोटोच्या ट्रेडमध्ये (खेळाडूंच्या अदलाबदलीत) सॅन डिएगोहून सोबत आलेला माणूस. २०२४ मध्ये १९० च्या सरासरीने खेळला होता. एक वर्ष ३४ होमरन निघाले म्हणून लगेच हार घालायचे?

ऑक्टोबरमध्ये कुठे गेले होते ते ३४ होमरन?

टोरांटोतला_नाशिककर

नमस्कार मंडळी, जखमेवर मीठ चोळायला आलोय. 😄

दुसऱ्या मॅचला मी रॉजर्स सेंटरमध्ये होतो. वर, अगदी शेवटच्या ओळींत, पण होतो. येसावेज नावाचं पोरगं, सप्टेंबरमध्येच मेजर लीगमध्ये आलेलं, त्याने तुमच्या ८४९ धावावाल्यांना साडेपाचेक इनिंग एकही हिट दिली नाही. ११ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर आउट). त्याचा स्प्लिटर खाली पडायचा आणि तुमचे लोक वरून बॅट फिरवायचे. आमच्या व्लादीने ग्रँड स्लॅम (तिन्ही बेस भरलेले असतानाचा चार धावांचा होमरन) मारला तेव्हा माझ्या शेजारच्या पंजाबी काकांनी मला उचललंच.

मॅडम, तुमचा ग्लोव्हचा मुद्दा निम्मा बरोबर. उरलेला निम्मा आमच्या बॅटिंगचा. ब्ल्यू जेज सगळ्यात कमी स्ट्राइकआउट होणाऱ्या टीम्सपैकी आणि सरासरीत मेजर लीगमध्ये पहिले. बॉल खेळात राहिला तरच समोरच्याच्या हातून सुटेल ना? जझच्या हातून ग्राउंडर सुटला, मान्य. पण तो ग्राउंडर आमच्या माणसाने मारला होता. तुमचा माणूस तिथे स्ट्राइकआउट होऊन बाकावर जाऊन बसला असता.

क्रीडाताई

@इंदिरानगरचा_अंपायर, सर, ग्रिशमची सरासरी ०.२३५ आणि बेसवर पोचण्याचं प्रमाण ०.३४८. दोन्हींत एवढा फरक कशाने पडतो? तो वॉक घेतो, म्हणजे चार बॉल स्ट्राइक झोनबाहेर पडले की न मारता पहिला बेस मिळतो. आपण क्रिकेट बघत मोठे झालो, त्यामुळे न मारता मिळालेली गोष्ट आपल्याला फुकटची वाटते. पण बेसबॉलमध्ये आउट ही मोजून मिळणारी वस्तू आहे, नऊ इनिंगला २७. जो आउट होत नाही तो तुमची वस्तू वाचवतो. जजच्या पुढे कुणीतरी बेसवर उभा असणं, हे ग्रिशमचं काम होतं आणि मोसमभर त्याने ते केलं. पिचरला चार चार, पाच पाच बॉल टाकायला लावायचे, हेही त्यातच आलं.

३४ होमरन परत होतील असं माझंही म्हणणं नाही. त्याआधी त्याने एका मोसमात १७ च्या वर कधी मारले नव्हते. २२-२४ झाले आणि वॉक असेच राहिले तर मला तो एक वर्षासाठी चालेल. एकच वर्ष आहे सर. चार-पाच वर्षांचा करार असता तर मीही तुमच्याच बाजूला बसले असते. सेंटर फिल्डला मात्र त्याची रेंज पूर्वीसारखी राहिलेली नाही. दोन गोल्ड ग्लोव्ह (उत्तम फिल्डिंगचं बक्षीस) त्याच्या नावावर आहेत, ते सॅन डिएगोतले.

@टोरांटोतला_नाशिककर, पंजाबी काकांना नमस्कार सांगा. स्ट्राइकआउटचं तुम्ही म्हणता ते खरं, आणि त्यात एक नाव सगळ्यांत वर: वोल्पी. तुमच्याविरुद्ध १५ पैकी १ हिट, ११ स्ट्राइकआउट.

पण त्याच्याबद्दल मला वेगळं म्हणायचंय. या पोराने मे महिन्यात टँपा बेच्या मॅचला बॉलवर डाइव्ह मारली आणि डावा खांदा दुखावला. लॅब्रम, म्हणजे खांद्याच्या सांध्यातली कूर्चा, फाटलेलं होतं. त्यावर इंजेक्शन घेत घेत तो ऑक्टोबरपर्यंत खेळत राहिला. लोक म्हणतात, डावा खांदा म्हणजे थ्रोचा हात नाही, मग काय बिघडलं? उजव्या हाताने बॅटिंग करणाऱ्याचा डावा खांदा पुढचा असतो. स्विंग तिथून निघतो. तो खांदा दुखत असेल तर खेळाडू तो शेवटपर्यंत बंद ठेवत नाही, दुखण्याच्या आधीच उघडून मोकळा होतो. खांदा उघडला की डोकं ओढलं जातं आणि बाहेरच्या कोपऱ्यातल्या बॉलला नुसते हात जातात. बॉल स्प्लिटर असेल तर मग विषयच संपला.

हे मी मैदानावर बघितलेलं आहे. आमची एक मुलगी, नववीतली, खांदा दुखतोय हे सांगायची नाही. तिच्या बॅटिंगवरून कळलं. आतला बॉल ती अजूनही जोरात मारत होती, पण बाहेरचा बॉल आला की पुढचा पाय लेगला पडायचा. तिला टी वर (बॉल ठेवायच्या स्टँडवर) बाहेरच्या बाजूला बॉल ठेवून दहा मारायला लावले. सातव्या-आठव्याला तिने बॅट खाली ठेवली आणि खांदा धरला. फिल्डिंगमध्ये पण तेच. ग्लोव्हचा हात डावा, त्यामुळे बॅकहँडला हात पूर्ण जायचा नाही, बॉल ग्लोव्हच्या टोकाला लागून निघून जायचा. वोल्पीच्या १९ एरर (फिल्डिंगमधल्या चुका) बघताना मला तीच आठवत होती. २०२३ ला पहिल्याच मोसमात गोल्ड ग्लोव्ह घेतलेला पोरगा एकदम बॉल पकडायला विसरत नाही.

मग राग कुणावर काढायचा? खेळणाऱ्यावर की खेळवणाऱ्यावर? २६ जणांचा रोस्टर असतो. त्याला महिनाभर इंज्युअर्ड लिस्टवर टाकून नीट बरा होऊ दिला असता तर काय आकाश कोसळणार होतं? खेळाडू कधीच "मला बसवा" म्हणणार नाही. ते मॅनेजरने म्हणायचं असतं.

अंबड_फर्स्ट_शिफ्ट

मॅडमशी १०० टक्के सहमत, आणि शॉर्टस्टॉपचं उत्तर टीममध्येच आहे. काबायेरो. ३१ जुलैला यांकी स्टेडियमवर आपल्याविरुद्धच्या मॅचला टँपा बे रेजच्या डगआउटमध्ये होता, आणि मॅच चालू असतानाच आपल्याकडे ट्रेड झाला. मी तेव्हा कंपनीच्या बसची वाट बघत पाथर्डी फाट्यावर उभा होतो. आधी वाटलं मोबाइलवर काहीतरी चुकीचं दिसतंय. मोसमात ४९ स्टील (पळून चोरलेले बेस), अमेरिकन लीगमध्ये पहिला. उजवा बॅटर. हातात ग्लोव्ह देऊन कुठेही उभा करा. होमरन मारणार नाही, पण नवव्या नंबरला त्याची काय गरज? तो पहिल्या बेसवर असला की पिचरचं अर्ध लक्ष तिकडे.

खरी गोची डाव्या हातांची आहे. रायस डावा, ग्रिशम डावा, जझ डावा, वेल्स डावा, मॅकमॅहन डावा. बेलिंजर राहिला तर तोही डावा. समजतं की यांकी स्टेडियमचं राइट फिल्ड कोपऱ्यात फक्त ३१४ फूट आहे, डाव्यांना तिथे पुरणपोळी वाढून ठेवल्यासारखं. पण समोरच्याने डावखुरा पिचर आणला की आपली अर्धी लाइनअप ढेपाळते. गोल्डश्मिटने डावखुऱ्यांना तीनशेच्या वरच्या सरासरीने बडवलं, पण त्याचा एका वर्षाचा करार संपला. उरले जज, स्टँटन, काबायेरो. स्टँटन दोन्ही कोपरं सांभाळत ७७ मॅचेस खेळला. त्यात २४ होमरन, म्हणजे खेळला की खेळतोच. पण १५० मॅचेस कोण खेळणार?

इंदिरानगरचा_अंपायर

स्टँटनवरून आठवलं. जुलैच्या शेवटी जजचं कोपर दुखावलं, ऑगस्टमध्ये तो नुसता डीएच, म्हणजे फिल्डिंग न करणारा बॅटर, म्हणून उतरायचा आणि स्टँटनला राइट फिल्डला पाठवलं होतं. तो बॉलमागे धावायला लागला की मी डोळे मिटायचो. आता बोला, हे रोस्टर नीट बांधलंय म्हणणारे?

गोल्फ_क्लब_कट्टा

नाशकात बसून बेसबॉल? 😂 कान्हेरे मैदानावर रणजी असते तेव्हा या की भाऊ, फुकट बघायला मिळतं. हे यांकी-फांकी कुणाला माहिती?

क्रीडाताई

@गोल्फ_क्लब_कट्टा, रणजीला मी असतेच, सावलीच्या बाजूला बसते. दोन्ही बघता येतं. आणि शालेय स्पर्धांमध्ये बेसबॉल, सॉफ्टबॉल दोन्ही आहेत, आपल्याच जिल्ह्यातली पोरं खेळतात. एखाद्या दिवशी सकाळी या, ग्लोव्ह देते. पुढे.

@अंबड_फर्स्ट_शिफ्ट, काबायेरोबद्दल मान्य. पण तुमचं डाव्या-उजव्याचं गणित थोडं ढोबळ आहे. बेलिंजर डावा असूनही डावखुऱ्या पिचर्ससमोर ०.३५३ ने खेळला. उजव्यांसमोर खेळला त्याहून किती तरी चांगला. तो टीमचा डावा-उजवा प्रश्न एकट्याने अर्धा सोडवतो. लेफ्ट, सेंटर, राइट, फर्स्ट बेस, कुठेही उभा राहतो. २९ होमरन, ९८ आरबीआय (त्याच्या बॅटिंगवर आलेल्या धावा), आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे स्ट्राइकआउट फार नाहीत. टोरांटोवाले जे म्हणतायत ना, बॉल खेळात ठेवणारा माणूस, तो आपल्याकडे होताच. तो करारातून बाहेर पडून मोकळा झालाय. यंदाच्या हिवाळ्यात पैसे घालायचेच असतील तर तिथे घाला.

लोक टकर टकर करतायत, तोही मोकळा आहे म्हणून. टकर चांगलाच आहे, पण तोही डावा, आणि सेंटर फिल्ड खेळत नाही.

टोरांटोतला_नाशिककर

बेलिंजर आमच्याकडे आला तर? 😏

बाकी जजबद्दल कुणीच बोलत नाही. ०.३३१, ५३ होमरन, परत एमव्हीपी (मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू). सिॲटलच्या कॅल रॅलीने कॅचर असून ६० मारले तरी मतं जजलाच जास्त. तिसऱ्या मॅचला आमच्या वार्लँडचा शंभर मैलांच्या आसपासचा, अंगावर आलेला बॉल त्याने डाव्या फाउल पोलवर नेऊन आपटला. तो बॉल स्ट्राइक झोनमध्येही नव्हता. ६-३ चे ६-६. घरी मी टीव्ही बंद करून जेवायला बसलो. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये तो ५०० च्या सरासरीने खेळला. "जज ऑक्टोबरमध्ये खेळत नाही" म्हणणाऱ्यांना आता दुसरा विषय शोधावा लागणार.

सिडकोतला_नवखा

मी नवीन आहे, एक बाळबोध प्रश्न. एवढा मारतो तर त्याला दर वेळी मुद्दाम वॉक का देत नाहीत? आणि मार्चमध्ये ती वेगळ्या आकाराची बॅट आली होती, तिचं पुढे काय झालं?

अंबड_फर्स्ट_शिफ्ट

देतात की, भरपूर देतात. पण त्याच्या मागे बेलिंजर उभा असेल तर वॉक देऊन काय मिळवणार? म्हणून मॅडम बेलिंजर बेलिंजर करतायत.

बॅट म्हणजे टॉर्पेडो बॅट. २९ मार्चला मिल्वॉकीविरुद्ध एका मॅचमध्ये ९ होमरन, २०-९ स्कोअर. पहिल्या तीन बॉलवर तीन होमरन: गोल्डश्मिट, बेलिंजर, जज. पिचर कोण? नेस्टर कोर्टेस, २०२४ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये फ्रीमनचा ग्रँड स्लॅम खाल्लेला आपलाच जुना माणूस. बिचारा. त्या बॅटचा जाड भाग टोकाऐवजी जिथे त्या खेळाडूचा बॉल जास्त लागतो तिथे आणलेला असतो. एका फिजिक्सवाल्याने काढली, नियमात बसते. गंमत अशी की जज ती वापरतच नाही. आणि वोल्पी वापरत होता.

इंदिरानगरचा_अंपायर

म्हणजे बॅट कसलीही द्या, २१२ ते २१२.

मॅडम, खांद्याचं तुमचं म्हणणं पटण्यासारखं आहे, पण पूर्ण नाही. २०२३ आणि २०२४ ला खांदा धड होता, तेव्हा पण हा पोरगा २५० ला पोचला नाही. दुखापत एका वर्षाची, बॅटिंग तीन वर्षांची. आणि तीन वर्षं मॅनेजर त्याला रोज उतरवतोय. घरचा पोरगा, लहानपणापासून यांकीजचा भक्त, म्हणून किती दिवस लाड करायचे? स्पेन्सर जोन्सला मायनरमध्ये (मेजर लीगच्या खालच्या लीगमध्ये) ३५ होमरन मारून बसवून ठेवलंय, त्याला संधी द्या.

क्रीडाताई

सर, जोन्सचे ३५ होमरन सांगितलेत, १७९ स्ट्राइकआउट सांगायचे राहिले. इतक्यात तुम्हीच म्हणत होतात ना की निम्मी टीम अडीचशेच्या खाली? आणि तोही डावा. आणि आउटफिल्डर. शॉर्टस्टॉपला ६ फूट ७ इंची माणूस उभा करणार आहात का?

वोल्पी २५० ला पोचला नाही हे खरंच आहे, ते मी झाकत नाही. मोठा बॅटर होईल असं मी म्हणालेही नाही. मला शॉर्टस्टॉपला ग्लोव्ह हवाय, आणि तिथून २३५-२४० आले तरी चालतील. ज्या टीमच्या पहिल्या पाच बॅटर्समध्ये जज आहे तिला आठव्या-नवव्याकडून होमरन मागायची वेळ येऊ नये. माझी लाइनअप विचाराल तर ग्रिशम, जज, बेलिंजर, स्टँटन किंवा रायस, मग जझ. खाली वेल्स, मॅकमॅहन, डोमिंगेज आणि शेवटी काबायेरो. डोमिंगेज स्विच हिटर आहे, दोन्ही हातांनी बॅटिंग करतो, पण उजव्या हाताने अजून चाचपडतोय. डावखुरा पिचर असेल त्या दिवशी त्याच्याऐवजी एखादा जुना उजवा हात. गोल्डश्मिट स्वस्तात परत मिळाला तर सोन्याहून पिवळं. वोल्पी बरा झाल्यावर आधी मायनरमध्ये पंधरा दिवस खेळू दे, बाहेरचा बॉल मारता येतोय का बघू दे. नाव मोठं म्हणून थेट लाइनअपमध्ये नको.

सोटो गेला तेव्हाही इथे छाती बडवून झाली होती. १५ वर्षांचे साडेशहात्तर कोटी डॉलर घेऊन मेट्सकडे गेला, स्वतः ४३ होमरन मारले, आणि मेट्स प्लेऑफला पोचलेच नाहीत. एका बॅटने टीम होत नाही हो.

टोरांटोतला_नाशिककर

मॅडमची लाइनअप वाईट नाही. फक्त पहिल्या पाचांत उजवे जज आणि कधीतरी स्टँटन. आम्ही डावखुरा पिचर आणूच.

क्रीडाताई

आणा. बेलिंजर असेल तर आणाच.

अंबड_फर्स्ट_शिफ्ट

आणि नसेल तर? ऐकतोय की बऱ्याच टीम मागे आहेत.

क्रीडाताई

नसेल तर मग सरांचं ऐकावं लागेल, जोन्सला आउटफिल्डला उतरवून बघायचं आणि १७९ स्ट्राइकआउट मोजत बसायचे. दुसरा इलाज दिसत नाही.

बाय द वे, २०२६ च्या नवीन मोसमाची पहिलीच मॅच २५ मार्चला सॅन फ्रान्सिस्कोत, जायंट्सविरुद्ध. म्हणजे आपल्याकडे २६ ची पहाट, रामनवमीच्या तोंडावर. पंचवटीत काळारामाकडचे रस्ते तेव्हा गर्दीने भरलेले असतात, त्यामुळे कुणी माझ्याकडे मॅच बघायला येणार असेल तर गाडी पलीकडच्या तीरावर लावून पुलावरून चालत या. अंपायर सर, तुम्हीही या. चहा मिळेल, वोल्पीला शिव्या द्यायच्या नाहीत.

इंदिरानगरचा_अंपायर

येतो. शिव्यांचं बघू.